पहिले चोवीस तास

"वकील साहेब, अमेरिकेत पोलीस धरते तवा पहिले हक्क वाचून दाखवते म्हन्तात. खरं हाय काय?"

काही महिन्यांपूर्वी वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात एका पोराने मला हा प्रश्न विचारला. वय एकोणीस-वीस, आयटीआयचा विद्यार्थी. चौकातल्या फ्लेक्सवरून दोन गटांत बाचाबाची झाली, दोन-चार दगड भिरकावले गेले आणि रात्रीतून आपल्या वस्तीतली सात पोरे पोलिसांनी उचलली. दुसऱ्या गटातली किती उचलली, हे वाचकांनी विचारू नये. पोरगा बाकावर जमादाराच्या शेजारी रिमांडची वाट पाहत बसला होता. हिंदीत डब केलेले इंग्रजी सिनेमे मोबाइलवर पाहिलेले, तेवढीच त्याची अमेरिका. मी म्हणालो, "खरं आहे." तो हसून म्हणाला, "आपल्या इथं त पहिले पट्टाच वाचून दाखवते." जमादारही हसला.

त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर व्हरांड्यात देण्यासारखे नव्हते. ते येथे देतो, कारण त्या उत्तरात आपल्या समाजाच्या कामाचे पुष्कळ आहे.

अमेरिकेत पोलीस जे हक्क वाचून दाखवतात, त्याला तेथे मिरांडाचे नाव आहे. हा मिरांडा कोणी पुढारी नव्हता की विद्वान नव्हता. ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरातला मेक्सिकन वंशाचा एक गरीब, अर्धवट शिकलेला माणूस. १९६३ साली त्याला बलात्काराच्या गुन्ह्यात पकडले, दोन तास चौकशी केली आणि कबुलीजबाबावर सही घेतली. वकील मागता येतो, गप्प बसता येते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. १९६६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि सांगितले की, कोठडीतल्या माणसाला चौकशीपूर्वी हे हक्क सांगितलेच पाहिजेत, नाहीतर कबुलीजबाब पुराव्यात चालणार नाही. पुढे मिरांडावर पुन्हा खटला चालला आणि कबुलीजबाबाविना इतर पुराव्यावर त्याला शिक्षाही झाली. म्हणजे हा हक्क काही गुन्हेगाराला मोकळे सोडण्याचा परवाना नव्हता.

त्याच्या तीन वर्षे आधी, १९६३ मध्ये, गिडियन नावाच्या फ्लोरिडातल्या फाटक्या माणसाचा खटला निकाली निघाला. वकील करायला पैसे नाहीत, सरकारने द्यावा, अशी विनंती त्याने खालच्या न्यायालयात केली होती. ती नाकारली गेली. त्याने तुरुंगातून पेन्सिलीने स्वहस्ते अर्ज लिहून सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवला. न्यायालयाने ठरवले की, गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे. पुन्हा खटला चालला तेव्हा वकील सोबत होता आणि गिडियन निर्दोष सुटला. अमेरिकेच्या फौजदारी न्यायाची कीर्ती जगभर सांगितली जाते, पण ती उभी आहे अशा दोन-चार नावे नसलेल्या माणसांच्या अर्जांवर.

आता आपल्याकडे या. पुष्कळ शिकलेल्या लोकांना वाटते की, या बाबतीत आपला कायदा मागासलेला आहे. वस्तुतः एका ठिकाणी तो अमेरिकेच्याही पुढे आहे. तेथे हक्क वाचून दाखवल्यावर पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, आणि चौकशीत पोलीस आरोपीशी खोटेही बोलू शकतात; "तुझ्या साथीदाराने सगळे सांगून टाकले" असे खोटे सांगून घेतलेला जबाब तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली ग्राह्य धरला. आपल्याकडे पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही. इंग्रजांनी १८७२ साली पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात ते लिहून ठेवले, कारण आपले पोलीस कबुली कशी काढतात हे त्यांना ठाऊक होते. नव्या साक्ष अधिनियमात तेच २३ वे कलम झाले आहे.

मग मारहाण कशासाठी? वाचकांपैकी जे कोर्टाच्या पायऱ्या चढले असतील त्यांना माहीत आहे. कबुली चालत नाही, पण "आरोपीने सांगितल्यावरून वस्तू निघाली" एवढा भाग चालतो. म्हणून पंचांसमोर मेमोरँडम होतो, काठी निघते, रक्ताचा शर्ट निघतो. शिवाय मारणे हे नेहमी पुराव्यासाठी नसतेच. वस्तीला तिची जागा दाखवण्यासाठीही ते असते. त्यावर साक्षीपुराव्याच्या कायद्यात उपाय नाही.

उपाय दुसरीकडे लिहिलेला आहे, आणि तो बाबासाहेबांनी लिहिला आहे. त्यातही अमेरिका येते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

घटनेचा कच्चा मसुदा तयार होत असताना, व्यक्तीचे जीवित आणि स्वातंत्र्य योग्य न्याय्य प्रक्रियेशिवाय हिरावून घेता येणार नाही, अशी अमेरिकन धर्तीची शब्दयोजना विचारात होती. घटना सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेला गेले. तेथे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी त्यांना सल्ला दिला की, हे शब्द घालू नका, त्याने न्यायाधीशांच्या हाती कायदेमंडळावर फार सत्ता जाते. परिणामी आपल्या २१ व्या अनुच्छेदात "कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती" एवढेच राहिले. म्हणजे संसदेने कसाही कायदा केला तरी तो पाळून माणसाला आत टाकता येईल. देशभर यावर टीका झाली. तेव्हा १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत नवा अनुच्छेद १५-अ मांडला. आधीच्या अनुच्छेदात जे निसटले, त्याची काहीशी भरपाई म्हणून हा आणला आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आजचा तो २२ वा अनुच्छेद. अटकेची कारणे सांगा. पसंतीच्या वकिलाशी सल्लामसलत करू द्या. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. त्याच अनुच्छेदात प्रतिबंधक स्थानबद्धताही शिरली, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. परंतु वस्तीतून उचललेल्या पोराला ठाणेदाराच्या खोलीतून न्यायालयाच्या खोलीत आणणारी जी दोरी आहे, ती या चोवीस तासांची आहे.

या दोरीचे आपण काय केले, हे पाहण्याआधी अमेरिकेचे चित्र पुरे करू, नाहीतर त्या पोरासारखा वाचकांचाही गैरसमज राहील.

अमेरिकेत देशाचे असे एक पोलीस खाते नाही. शहराचे वेगळे, परगण्याचे वेगळे, राज्याचे वेगळे, केंद्राचे वेगळे, अशी सुमारे अठरा हजार पोलीस दले आहेत. बहुतेक राज्यांत परगण्याचा शेरीफ आणि मुख्य सरकारी वकील हे मते मागून निवडून येतात. कल्पना करा, अमरावती जिल्ह्याचा सरकारी वकील निवडणुकीला उभा आहे आणि "मी इतक्यांना आत टाकले" असे फ्लेक्स लावतो आहे! लोकांचा अंकुश राहतो हा त्याचा फायदा. पण बहुसंख्याकांना ज्यांची भीती वाटते ते अल्पसंख्य भरडले जातात, हा तोटा, आणि काळ्या माणसाने तो पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे काम चालेल अशी फट ठेवली. दक्षिणेतल्या राज्यांनी ती फट लगेच रुंद केली. काम नाही म्हणून भटकतो, हा गुन्हा. धर आणि खाणमालकाला भाड्याने दे. पुढे सहाच वर्षांनी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि जन्माने गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. १९५२ साली तो कायदा गेला, पण अमरावती-अकोल्याकडचा फासेपारधी आजही चोरी झाली की पहिला उचलला जातो. दोन खंडांत एकाच वेळी एकच युक्ती सुचली, कारण दोन्हीकडे स्वस्त राबणारा हात आणि खाली मान हवी होती.

आणि सिनेमात दिसतो तो ज्युरीपुढचा खटला? तो फार थोड्यांच्या वाट्याला येतो. २०१२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच नमूद केले की, केंद्रीय न्यायालयांतल्या शिक्षांपैकी ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के शिक्षा गुन्हा कबूल केल्यामुळे होतात. सरकारी वकील सांगतो, "कबूल कर, तीन वर्षे. खटला लढवलास आणि हरलास तर पंधरा." जामिनाला पैसे नसलेला माणूस तुरुंगात बसून हा सौदा ऐकतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला कलीफ ब्राउडर हा सोळा वर्षांचा काळा मुलगा २०१० मध्ये पाठीवरची पिशवी चोरल्याच्या आरोपावरून पकडला गेला. जामीन तीन हजार डॉलर. घरात तेवढे नव्हते. त्याने गुन्हा कबूल करायला नकार दिला आणि रायकर्स बेटावरच्या तुरुंगात तीन वर्षे काढली, त्यातली जवळजवळ दोन एकांतकोठडीत. खटला चाललाच नाही. २०१३ मध्ये आरोप मागे घेतले. २०१५ मध्ये त्याने घरी गळफास घेतला. हक्क त्यालाही वाचून दाखवता येतात, पण जामिनाची रक्कम हक्कांच्या कागदावर लिहिलेली नसते.

आपल्याकडे डॉलरच्या जागी सातबारा आहे. न्यायालय पंधरा-वीस हजारांचा जामीन मंजूर करते, पोराची आई पदर डोळ्याला लावून हात जोडते आणि मग खरी परीक्षा सुरू होते. ऐपतदार जामीनदार आणा. सातबारा आणा, घरटॅक्सची पावती आणा. भूमिहीन मजुराच्या वस्तीत सातबारा कोणाकडे असणार? ज्यांच्याशी भांडण झाले त्यांच्याच पाटलाकडे. मी स्वतः अशी प्रकरणे पाहिली आहेत की, सातबाऱ्याच्या बदल्यात तक्रार मागे घेण्याचा निरोप आला. ॲट्रॉसिटीचे किती गुन्हे साक्षीदार फुटल्याने पडतात, याची चर्चा सगळे करतात. ते फुटणे कधीकधी जामिनाच्या बाकावर सुरू होते, हे कोणी लिहीत नाही. जामीन देता येण्याजोग्या गुन्ह्यात आठवड्याभरात जामीनदार देऊ न शकणाऱ्याला निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडावे, असे कायदा सांगतो. पण त्यासाठी कोणीतरी अर्ज करावा लागतो. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशाच्या तुरुंगांतल्या दर चार बंद्यांपैकी तिघे कच्चे कैदी होते. म्हणजे शिक्षा न झालेले.

येथे परभणीचे नाव घ्यावेच लागते.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, आणि त्यानंतर पोलिसांची धरपकड. त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा पस्तीस वर्षांचा तरुण पकडला गेला. तो वडार समाजातला, कायद्याचा विद्यार्थी. दंडाधिकाऱ्यापुढे उभा केला, पोलीस कोठडी झाली, मग न्यायालयीन कोठडी झाली आणि १५ डिसेंबरला तो मेला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याने मृत्यू, असे कारण आले. २० डिसेंबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितले की, दंडाधिकाऱ्यांनी विचारले तेव्हा सोमनाथने मारहाण झाली नसल्याचे सांगितले होते. त्याला श्वसनाचा आजार होता.

मिनियापोलिस शहरात २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाने नऊ मिनिटांहून अधिक गुडघा दाबून ठेवला. त्या रात्री तेथील पोलिसांनी काढलेल्या पत्रकाचा मथळा होता की, पोलिसांशी संबंध आला असता वैद्यकीय कारणाने इसमाचा मृत्यू. आजार तेथेही होता! फरक एवढाच पडला की, डार्नेला फ्रेझियर नावाची सतरा वर्षांची शाळकरी मुलगी रस्त्यावर उभी राहून मोबाइलवर चित्रण करत होती. दुसऱ्या दिवशी चार पोलीस बडतर्फ झाले, चौथ्या दिवशी मुख्य आरोपीला अटक झाली, अकरा महिन्यांत ज्युरीने दोषी ठरवले आणि साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. शहराने कुटुंबाला दोन कोटी सत्तर लाख डॉलर दिले. हे तेथेही अपवादानेच घडते. रस्त्यावर मुलगी नसती तर ते पत्रकच इतिहास झाले असते.

परभणीत ठाण्याच्या भिंतीआड कोणतीही मुलगी उभी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी देशातल्या प्रत्येक ठाण्यात, कोठडीतसुद्धा, कॅमेरे लावून चित्रण जपण्याचा आदेश दिला होता, आणि तरीही गुन्हा नोंदवायला किती काळ लागला ते पाहा. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरी गुन्हा नोंद होईना. वकील म्हणून प्रकाश आंबेडकर उच्च न्यायालयात उभे राहिले. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तेथेही हरले. एका फिर्यादीसाठी साडेसात महिने! कोठडीतल्या मृत्यूची दंडाधिकाऱ्याने चौकशी करावी, असे नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे १९६ वे कलम सांगते. चौकशी झाल्यावर पुढे काय, याबद्दल ती संहिता गप्प आहे.

मला मात्र या सगळ्यात एकच प्रश्न टोचत राहतो. "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" हा प्रश्न दंडाधिकारी विचारतात, तेव्हा आरोपीच्या मागे कोण उभे असते? ज्याने मारले तोच. संध्याकाळी परत कोठे जायचे असते? त्याच्याच ठाण्यात. अशा वेळी "नाही" हे उत्तर पुरावा कसले, ते तर मारहाणीचेच पुढचे पान. रोजनाम्यात मात्र "तक्रार नाही" अशी ओळ जाते आणि पुढे विधानसभेपर्यंत तीच ओळ चालते.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतले, हे आपल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. ब्लॅक पँथरने १९६६ साली ओकलंडमध्ये पहिले काम काय केले, हे थोड्यांना माहीत असते. पोलिसांच्या गाडीमागे आपली गाडी घेऊन फिरायचे. पोलिसाने काळ्या माणसाला थांबवले की कायद्याने सांगितलेल्या अंतरावर उभे राहायचे आणि कायद्याचे पुस्तक उघडून मोठ्याने कलमे वाचायची, म्हणजे पकडलेल्याला आपले हक्क कळावेत. ह्यू न्यूटनने कायद्याचा अभ्यास केला होता. त्यांच्या हातात बंदुकाही असत आणि छायाचित्रांत त्याच दिसतात. बंदुकांसाठी कॅलिफोर्नियाने १९६७ मध्ये घाईने कायदा बदलला. पुस्तक मात्र त्यांच्या गाडीत राहिलेच. आपण डरकाळी घेतली, कविता घेतली, मोर्चा घेतला. त्याचे मोल मी कमी करत नाही, मी त्यातूनच वाढलो. ते पुस्तक आपण घेतले का?

आज त्या पुस्तकात पूर्वीपेक्षा जास्त पाने आहेत. अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील, हे १९८७ च्या विधी सेवा कायद्यात आहे. कोठडीतल्या कोणालाही आहे. डी. के. बसू प्रकरणापासून अटकेच्या मेमोवर नातलगाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही लागते. हा प्रतिष्ठित माणूस विहाराचा अध्यक्ष का असू नये? ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत, आणि लगेच शक्य नसेल तर रिमांडपूर्वी किमान दोन तास आधी तरी ती त्याच्या हाती पडावीत. नाहीतर अटक आणि रिमांड बेकायदा. त्या खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश भूषण गवई, आपल्या अमरावतीचे. निकाल मराठीत समजावून सांगणारी एक सभा आपल्या किती वस्त्यांत झाली? जयंतीला डीजेचे बुकिंग चार महिने आधी होते. रात्री कोणाला उचलले तर कोणत्या वकिलाला फोन करायचा, याचा क्रमांक विहाराच्या भिंतीवर लिहिलेला मी तरी दोनच गावांत पाहिला.

हे मी दुसऱ्यांना सांगतो आहे, तर स्वतःचेही सांगितले पाहिजे. त्या सात पोरांसाठी वस्तीतून मला रात्री दीड वाजता फोन आला होता. मी तो सकाळी पाहिला. न्यायालयात पोहोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते आणि सहा पोरांना हजर करून झाले होते. त्यांच्या बाजूने कोणी उभे नव्हते. सहाही जणांनी एकामागून एक "तक्रार नाही" असे सांगितले होते. सातवा, आयटीआयवाला, मामाच्या गावाहून उशिरा आणल्यामुळे दुपारच्या पेशीला होता, म्हणून व्हरांड्यात सापडला.

दुपारी त्याचा पुकारा झाला. मी वकीलपत्र ठेवले आणि विनंती केली की, पोलिसांना बाहेर पाठवून, दार लावून आरोपीला विचारावे. दंडाधिकाऱ्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि जमादाराला बाहेर जायला सांगितले. प्रश्न तोच विचारला. पोराने आधी मागे वळून दार लागले आहे का ते पाहिले. मग काही न बोलता शर्ट वर केला.

वैद्यकीय तपासणीचा आदेश झाला. त्याचा जबाब नोंदवून घेईपर्यंत बाकीची सहा पोरे घेऊन पोलिसांची गाडी निघून गेली होती.